तव्याचं वाक्य

पत्रात सात वाक्यं होती. मी डॉक्टरांना सहा वाचून दाखवली. अकरा वर्षांपूर्वीचा मार्च महिना, गुरुवार, सकाळचे साडेअकरा. ठिकाण सीताबर्डीतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा दवाखाना. डॉक्टरांनी नेमकं गाळलेल्या वाक्यातलंच विचारलं. मी म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. ज्यांच्या नावानं ते उत्तर छापून आलं त्या डॉक्टरांना नाही. जिचं पत्र होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, आणि तुम्हालाच का, याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही, हे एक कारण असू शकेल.

पहिल्या परिच्छेदात सगळं आलं पाहिजे, असं आम्हा बातमीदारांना शिकवलं होतं. आलं आहे. मग पुढे कशाला लिहायचं? — कारण तो परिच्छेद खरा आहे आणि तरीही मी त्यातून सुटते. ‘मी म्हणाले’ एवढंच त्यात आहे. म्हणताना मला काय माहीत होतं, ते त्यात नाही.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. मंगळवारी निघणारी आरोग्य पुरवणी माझ्याकडे होती. तिच्या शेवटच्या पानावर त्वचेच्या तक्रारींचं प्रश्नोत्तराचं सदर चालायचं. वाचक पत्रं पाठवायचे, डॉक्टर उत्तरं द्यायचे. डॉक्टर स्वतः लिहीत नसत. दर गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात जायचे, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्यांना पत्रं वाचून दाखवायचे, ते बोलायचे आणि मी लिहून घ्यायचे. सदरावर नाव त्यांचं, फोटो त्यांचा. अक्षर माझं.

डॉक्टरांची प्रॅक्टिस तेव्हा तीस वर्षांची होती. ते खिडकीजवळ बसायचे. खोलीत ट्यूबलाइट होती, पण तपासताना ती बंद करायचे आणि रुग्णाला उजेडात ओढायचे. ‘कातडी पाहायची तर सूर्यासमोर पाहावी, ट्यूबलाइटमध्ये सगळेच आजारी दिसतात,’ असं म्हणायचे. आधी पाहायचे, मग हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करायचे, आणि शेवटी तीन प्रश्न: साबण कोणता, आंघोळीचं पाणी किती गरम, आणि कुणाच्या सांगण्यावरून काय लावलं. तिसऱ्या प्रश्नाला लोक खाली पाहायचे. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब पिशवीतून निघायची. गोरं होण्याची, गजकर्णाची, दोन्हींची मिळून एकच. डॉक्टर ती उघडून वास घ्यायचे आणि आपल्या खणात टाकायचे. खण भरलेला असायचा.

त्यांचं बोलणं मला आवडायचं. टाच घासायच्या दगडानं अख्खं अंग घासणाऱ्या एका म्हाताऱ्याला ते म्हणाले, ‘बापू, हे आंग होय गा, फरशी नोहे.’ एक नवरी मुलगी आईबरोबर आली होती. लग्न पंधरा दिवसांवर, चेहऱ्यावर पुटकुळ्या. ‘पंधरा दिवसांत काही होईल का?’ आईनं विचारलं. ‘कातडी बदलायला अठ्ठावीस दिवस लागतात. एक तर लग्न पुढे ढकला, नाही तर नवरदेवाला सवय होऊ द्या.’ मुलगी हसली, आई हसली नाही. मे महिन्यात स्कूटरवरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात, त्याबद्दल ते म्हणायचे की नागपूरच्या पोरींनी शोधलेल्या या औषधापुढे आमची मलमं काहीच नाहीत.

मी हे का सांगते आहे? डॉक्टर चांगले होते हे तुम्हाला पटावं म्हणून? तेही आहेच. पण खरं म्हणजे मी वेळ काढते आहे.

पत्राकडे येते.

पान ठरलेलं असायचं. पाच पत्रं, प्रत्येकाला चौकट. चौकटीत प्रश्नाचे पस्तीस शब्द मावायचे. माणसं पस्तीस शब्दांत लिहीत नाहीत. ती नमस्कारापासून सुरू करतात, कुणाचं लग्न झालं ते सांगतात, मग गुडघा, मग मध्येच चट्टा. बुधवारी संध्याकाळी मी पत्रं संगणकावर घ्यायचे आणि घेतानाच कापायचे. उपसंपादकाचा हात कसा चालतो, ते सांगते. मजकूर वाचायचा, आणि जे वाक्य काढलं तरी बाकीची पडत नाहीत, ते काढायचं. त्यात वाक्याचं महत्त्व पाहत नाहीत, त्याच्या गाठी पाहतात. ज्याला मागे-पुढे गाठ नाही, ते जातं.

त्यामुळे डॉक्टरांसमोर मी न्यायचे ती कापलेली पत्रं असायची. मूळ पत्रं ऑफिसच्या फाइलमध्ये राहायची. बरेच दिवस डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कळलं. काटोलच्या एका बाईंनी दवाखान्यात येऊन सांगितलं की त्यांनी पत्रात लिहिलेली शुगरची गोष्ट छापलीच नाही. डॉक्टरांनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘ताई, छापताना तुम्हाला पाहिजे ते कापा. मला मात्र पूर्ण पत्र वाचून दाखवत जा. पेशंट खरी तक्रार शेवटी सांगतो, उठताना, दारात. तुम्ही ते दारच कापून आणून राहिल्या.’ मी म्हणाले, ‘आता पूर्णच आणते, डॉक्टर.’

दोन आठवडे आणली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कापलेली नेली. पत्रं जास्त होती, बुधवारी दुसरं पानही माझ्याकडे आलं होतं — ही कारणं खरी आहेत. ती इथेच ठेवते आणि पुढे त्यांना हात लावत नाही.

त्या आठवड्यातलं चौथं पत्र पारशिवनी तालुक्यातल्या एका गावाहून आलं होतं. वहीचं पान, निळी शाई. लिहिणारीला मी शोभा म्हणते. नाव बदललं आहे. पत्र असं होतं:

‘डॉक्टरसाहेबांना नमस्कार, माझं वय एकतीस आहे. मी शेतात कामाला जाते. माझ्या उजव्या हातावर कोपराच्या खाली फिक्का चट्टा आला आहे. खाज नाही आणि दुखत पण नाही. आधी बोराएवढा होता, आता वाढून राहिला. परवा भाकर टाकताना तव्याचा चटका त्याच्यावरच बसला, फोड आला तव्हा पाह्यलं, बसताना मले समजलंच नाही. कोणतं मलम लावावं?’

सहावं वाक्य मी काढलं. सगळ्यांत लांब होतं आणि त्याला गाठ नव्हती. चट्ट्याबद्दलच्या पत्रात भाजल्याचं कशाला? भाजण्यावर मागच्याच अंकात उत्तर आलं होतं. आणि ते वाक्य काढल्यावर पत्र चौकटीत बरोबर बसलं — हेही आठवतं. बसल्यावर बरं वाटलं होतं.

इथपर्यंतची चूक कामाची आहे. ती मी कुणालाही सांगू शकले असते.

गुरुवारी चौथं पत्र वाचलं. डॉक्टर हात धूत होते. नळ बंद करून त्यांनी मान वळवली आणि विचारलं, ‘तिथं स्पर्श समजतो का तिला? चटका, सुई, काटा — काही लिहिलंय?’

आता तुम्ही विचाराल, तेव्हा मला ते वाक्य आठवलं का?

मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं की नाही आठवलं. पाच पत्रं, दुसरं पान, डोक्यात शंभर गोष्टी. कुणीही मान्य करील असं उत्तर आहे. पण ते खोटं आहे. त्यांनी ‘चटका’ म्हटलं त्या क्षणी मला तवा दिसला. वहीच्या पानावर ते वाक्य खालून दुसरं होतं, हेसुद्धा दिसलं. मी तोंड उघडलं. आणि मग फेब्रुवारीतलं आठवलं, ‘आता पूर्णच आणते’ हे माझं बोलणं आठवलं. हो म्हटलं असतं तर मी पुन्हा कापून आणलं हे त्यांना कळलं असतं. ते रागावले नसते, हेही मला माहीत होतं. फक्त एकदा बघितलं असतं.

त्या एका बघण्यासाठी मी म्हणाले, ‘नाही, तसं काही लिहिलेलं नाही.’

किती लहान गोष्ट आहे पाहा. नोकरी जाणार नव्हती, कुणी ओरडणार नव्हतं. मी धाकानं खोटं बोलले असते तर निदान धाकाकडे बोट दाखवता आलं असतं.

डॉक्टरांनी हात पुसले. मग त्यांनी उत्तर सांगितलं: उन्हानं आणि कोरडेपणानं असे फिक्के डाग येतात, आंघोळीनंतर अंग ओलसर असताना खोबरेल तेल लावा, साबण सौम्य वापरा, शेतात पूर्ण बाह्यांचं घाला, दुकानातून विचारून कोणतंही मलम आणू नका, महिनाभरात फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मंगळवारी तसंच छापून आलं. शेवटचं वाक्यही आलं होतं. त्या शेवटच्या वाक्याच्या आडोशाला मी पुढे खूप वर्षं बसले. ‘दाखवा’ असं छापलं होतं ना? — छापलं होतं. म्हणून तेही सांगते आहे. त्याच्या आडोशाला बसण्यासाठी आता नाही.

पुढच्या जानेवारीत, तोही गुरुवार, मी नेहमीसारखी दवाखान्यात होते. खिडकीखाली मेट्रोसाठी रस्ता खोदलेला होता आणि डॉक्टरांनी धुळीमुळे खिडकीचं एक दार लावून घेतलं होतं. सव्वाबाराच्या सुमारास एक बाई आणि तिचा नवरा आत आले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर कागद आवरत होते. बाईनं उजवा हात पदरात ठेवला होता.

डॉक्टरांनी तिला खिडकीकडे घेतलं. हात पाहिला. चट्टा कोपराखालून मनगटाकडे पसरला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. डॉक्टरांनी बोटं सरळ करायला सांगितली. तिनं डाव्या हातानं धरून ती सरळ केली आणि सोडली. ती पुन्हा वळली.

‘डोळे मिट वं माय,’ डॉक्टर म्हणाले. ‘कापूस लागला की हो म्हण.’

दंडावर लावला, ती हो म्हणाली. मनगटाच्या आतल्या बाजूला लावला, हो म्हणाली. चट्ट्यावर लावला. ती गप्प होती. पुन्हा लावला. तिनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, ‘लावलं का जी?’

डॉक्टरांनी कोपराच्या मागची शीर चाचपली. ‘किती दिवस झाले याला?’

‘साल होऊन राहिलं,’ नवरा म्हणाला.

‘अन् दाखवलं काहून नाही कुठं?’

‘तुमचाच त इलाज चालू आहे, साहेब,’ बाई म्हणाली. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली. रेशनकार्ड, आधार, आणि मधे घडी घातलेलं कात्रण. चौथी चौकट. ‘खोबऱ्याचं तेल लावून राहिली. बाह्याचं घालून राहिली. तुम्ही महिनाभर म्हटलं होतं, पन ऊनच गेलं नाही तवा. मग पानी लागलं, मग सोंगनी आली.’

डॉक्टरांनी कात्रण उभ्यानं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. बाईनंही पाहिलं, मी कोण हे तिला माहीत नव्हतं.

‘ताई, मी विचारलं होतं ना यात? स्पर्शाचं?’

‘विचारलं होतं,’ मी म्हणाले. ‘पत्रात नव्हतं, डॉक्टर.’

दुसऱ्यांदा बोलताना आवाज जराही हलला नाही. पहिल्या वेळी तोंड उघडून थांबले होते. या वेळी तेवढंही नाही.

‘लिहिलं होतं जी,’ बाई म्हणाली. ‘तव्याचं लिहिलं होतं मी. चटका बसला अन् समजलं नाही म्हून.’

डॉक्टर काही बोलायच्या आत नवरा बोलला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. ‘तू लिहिलं असन तुह्या मनात. बजाराची यादी लिहिते अन् मीठच लिहीत नाही. डाक्टरले काय सपन पडते?’

‘नाही वो. लिहिलं होतं.’

‘मंग या मॅडम काय झूट बोलून राहिल्या? पेपरच्या आहेत त्या.’

बाई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, हे मला नक्की आठवतं. ती आठवत होती. पान, निळी शाई, कुठल्या वाक्यानंतर कुठलं. मला त्या वेळी तिला मदत करता आली असती. ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं, फाइल माझ्या टेबलाखाली. मी हातातल्या कागदांची टोकं जुळवत होते.

‘राहून गेलं असन मंग माह्याकडूनच,’ ती म्हणाली.

मी चौदा वर्षं बातमीदारी आणि संपादन केलं आहे. माणसं माझ्यासमोर रडली आहेत, ओरडली आहेत, एकानं खुर्ची उचलली आहे. मला त्यातलं काही छळत नाही. हे पाच शब्द छळतात.

डॉक्टर तिच्या समोर बसले. तिला म्हणाले, चूक तिची नाही, न पाहता उत्तर दिलं ही त्यांची आहे. मग आजाराचं नाव सांगितलं. नवऱ्यानं खुर्ची थोडी मागे सरकवली. डॉक्टरांनी उठून ती परत पुढे ओढली आणि त्याला बसवलं. म्हणाले, ‘कुष्ठरोग म्हणजे शाप नाही गा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पूर्ण घेतल्या की बरा होतो. हिच्यासंगं एका ताटात जेवत जा, अन् भाकर आजपासून तूच टाकत जा, तिला चटका समजत नाही.’

बाईनं एकच प्रश्न विचारला. ‘बोटं सरळ होतीन का जी?’

‘रोग जाईल,’ डॉक्टर म्हणाले. ‘बोटांचं — लवकर आली असती तर जास्त खात्रीनं बोललो असतो. व्यायाम सांगतो. पाहू.’

ती दोघं गेल्यावर डॉक्टरांनी सदर बंद केलं. ‘चट्टा न पाहता त्यावर बोलायचं नाही,’ एवढंच म्हणाले. मला एका शब्दानं विचारलं नाही. संपादकांना मी सांगितलं की डॉक्टरांना वेळ होत नाही. हे तिसरं खोटं, पण ते फार लहान आहे, मोजत नाही. — नाही, मोजायला पाहिजे.

संध्याकाळी ऑफिसात फाइल काढली. मार्चचा गठ्ठा. पत्र होतं आणि वाक्यही होतं. मी ते पाहिलं, परत ठेवलं आणि पान लावायला बसले. पुढे ऑफिस तिथून हललं, जुनी पत्रं रद्दीत गेली. जाऊ दिली असं लिहिलं तर जास्त बरोबर होईल.

डॉक्टरांबद्दल जे कळलं ते असं. त्या जानेवारीनंतर ते प्रत्येक रुग्णाला कापूस लावू लागले. पुटकुळ्या असोत, केस गळोत, घामोळं असो — डोळे मिट, कापूस लागला की सांग. लग्नाआधी चेहऱ्यासाठी आलेल्या मुलींनाही. कंपाउंडर म्हणायचा, साहेबांना कापसाचं याड लागलं. नव्या डॉक्टरांना शिकवताना ते पारशिवनीकडच्या एका बाईची गोष्ट सांगायचे: पेशंट महत्त्वाचं तेच सांगायला विसरतो, आणि मी विचारायला कमी पडलो. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीनं ती मला सांगितली, मला माहीत नसेल असं समजून. मी ऐकून घेतली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला. आता ते मुलीकडे पुण्याला असतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.

मी फोन का केला नाही? वय झालंय, आता त्यांना कशाला त्रास — असं म्हणता येईल. मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं आहे. ऐकायला चांगलं वाटतं.

मागच्या डिसेंबरात मी पारशिवनी तालुक्यात होते. नोकरी सुटली आहे, आता फुटकळ लिखाण करते. एका मासिकासाठी आशा सेविकांवर लेख लिहायचा होता. एका गावात समाजमंदिरात बायकांची बैठक होती. आशाताईंबरोबर आणखी एक बाई आली होती. आशाताई म्हणाल्या, या बरे झालेल्या पेशंट आहेत, गावोगाव येतात, आमच्यापेक्षा यांचं जास्त ऐकतात. बाईनं सतरंजी झटकली ती डाव्या हातानं. उजव्या हाताची दोन बोटं आत होती.

तिनं मला लगेच ओळखलं. ‘तुम्ही त पेपरवाल्या ताई. बर्डीच्या दवाखान्यातल्या.’ बसायला खुर्ची आणली, चहा सांगितला, नवऱ्याची खुशाली मी न विचारताच दिली. तो आता भाकरी बऱ्या टाकतो, फक्त मोठ्या टाकतो, म्हणाली. मी विचारायचं म्हणून विचारलं की ती हे काम का करते. ‘मी इसरली तसं आन्खी कोनी इसरू नये म्हून,’ ती म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. बैठक सुरू व्हायची होती, खोलीत आम्ही तिघी होतो, आणि चहा यायला वेळ होता. मी वही उघडली आणि तिचं वाक्य लिहून घेतलं. इतकी मी तयार आहे या कामात.

मग बायका आल्या, वीस-बावीस असतील. शोभाताईंनी पदर खोचला आणि हात वर करून दाखवला.

‘हा पाहा माहा हात. हात लावून पाहा, काही होत नाही.’ पुढच्या दोघींनी हात लावला. मागून एक म्हणाली, ‘चांगला आहे की वं. चिमटीत मीठ धराले बरा.’ हशा झाला. शोभाताईही हसल्या.

‘मीठच त धरता येत नाही मले,’ त्या म्हणाल्या. ‘हे दोन बोटं काहून गेले, मालूम आहे? मी डाक्टरले चिठ्ठी लिहिली. सगळं लिहिलं. चट्टा लिहिला, वय लिहिलं, शेत लिहिलं. अन् तव्याचा चटका बसला ते समजलं नाही, तेवढंच लिहाचं राहिलं. त्यानं मले इचारलंही होतं म्हने. पन चिठ्ठीतच नाही त तो काय करन?’

‘काहून राहिलं वं पन?’ एका म्हातारीनं विचारलं.

‘बाईमाणसाचं असंच होते, मावशी. आपलं दुखनं आपल्यालेच मोठं वाटत नाही. मले तर किती वरसं वाटत होतं का मी लिहिलंच होतं. डोळ्यासमोर दिसे. पन नव्हतं.’ मग त्यांनी माझ्याकडे हात केला. वळलेली बोटं माझ्या दिशेला होती. ‘या ताईले इचारा. चिठ्ठी यायनंच वाचली होती. नव्हतं ना जी, ताई?’

बायका माझ्याकडे वळल्या.

मी म्हणाले, ‘नव्हतं.’

बैठक साडेतीनला संपली. शोभाताई आशाताईंच्या गाडीवर मागे बसून पुढच्या गावाला गेल्या. त्या महिन्याच्या यादीत त्यांची आणखी सहा गावं होती.